शंभर ग्रॅम

तळाशीलच्या उपकेंद्रात भिंतीवर एक तक्ता आहे.
मीच चिकटवला, रुजू झाले त्या आठवड्यात,
जखमेच्या पट्टीचे तुकडे चारही कोपऱ्यांना,
कारण इथली खारी हवा खिळे खाते.
हिरव्या पालेभाज्या, शंभर ग्रॅममागे:
लोह, चुना, अ जीवनसत्त्व.
सर्वांत वर पालक.
छापणाऱ्याच्या ओळखीचं तेवढंच पान असावं.

आकडे मात्र चित्राचं ऐकत नाहीत.
पालकाचं लोह तिनाला टेकतं न टेकतं,
मेथी पाचाच्या पुढे,
लाल माठ सातावर चढून बसलेला,
आणि शेवग्याचा पाला,
ज्याची इथे गोकुळाष्टमीला आंबोळीशेजारी आठवण होते
आणि मग वर्षभर शेळीला,
तो चुन्यात पालकाच्या जवळजवळ चौपट.

आषाढ. होड्या झापांखाली.
सुगंधा तांडेल बोट पुढे करते.
जाळी विणून घट्टे पडलेलं बोट,
सुई दोनदा बोथट होते.
आठ पूर्णांक चार.
मी खटावची, दुष्काळातली, मला हिरव्याचं भारी अप्रूप,
मी तक्त्यावर पट्टी ठेवते, पालकावर.
ती हसते.
"ता भायरचा गो. कोल्हापुरासून गाडयेत बसान इला,
दोन दिस. तेका सोताकच ताकद नाय."

मग पट्टीखालून खाली खाली बोट नेते,
अळू, चाकवत, मुळ्याचा पाला,
तक्ता संपतो,
बोट भिंतीवर येतं.
"टाकळो खंय?"

टाकळा नव्हता.
पायरीपासून विहिरीपर्यंत सगळीकडे होता,
कागदावर नव्हता.
"पायाखाली येता, ता कागदार कशाक येतला,"
तिनेच उत्तर दिलं, आणि ओट्यात कोवळे शेंडे खुडून आणले,
वरची दोन-दोन पानं, संध्याकाळ म्हणून मिटायला लागलेली.

शंभर ग्रॅम म्हणजे किती, मला बघायचं होतं.
बाळांच्या वजनकाट्यावर ठेवले,
काटा हललाच नाही.
त्याला माणसाचं मूल कळतं, पाला कळत नाही.
शेवटी मर्यान डिसोजाचा तराजू आणला,
बंदीच्या दिवसांत रिकामा पडलेला,
पारड्याला बांगड्याचा वास.
एका बाजूला शंभराचं माप,
दुसऱ्या बाजूला हिरवा डोंगर, परडीभर.

स्टोव्हवर, जिथे मी सुया उकळायचे भांडं ठेवते तिथेच,
कांदा, दोन मिरच्या, फणसाच्या चार आठळ्या,
खोबरं तिने घरून आणलं.
डोंगर बसला.
मुठीएवढा राहिला.
"ह्या आमच्याकडे सात जणांक," सुगंधा म्हणाली,
तक्रार म्हणून नव्हे, माप सांगावं तशी.

मी भागाकार केला नाही.
तक्त्यात तो रकाना नाही:
कढईतून ताटात, कितव्या ताटात, किती.

एवढंच म्हटलं, भाजीवर लिंबू पिळ, लोह अंगी लागतं.
"लिंबू खंयचा? सोलां आसत."
सोलांचा आकडा मला माहीत नव्हता.
लाल गोळ्यांची पाकिटं दिली,
आणि माठाचं बी, मर्यानच्या परसातलं, कागदात बांधून.

श्रावणात आठ पूर्णांक नऊ.
यात गोळ्यांचं किती, माठाचं किती,
टाकळ्याचं किती,
आणि होड्या बंद म्हणून पहाटे तीनला उठावं लागलं नाही
त्या झोपेचं किती,
हे मी वहीत लिहिलं नाही. आकडा लिहिला.
तक्त्याच्या खाली मात्र बॉलपेनने एक ओळ वाढवली:
टाकळा.
पुढचे तीन चौकोन कोरे.

सुगंधाने वाचलं, अक्षर अक्षर जुळवत.
"बरा दिसता," म्हणाली.
मी संधी साधली: जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस,
लोह धुऊन जातं.
ती दारात थांबली.
"पालो खातंय, गोळी खातंय, सोलां घालतंय.
चाय सोडूक सांगू नको, बाय."
आणि पायरीवरचा टाकळा चुकवत,
पहिल्यांदाच चुकवत,
निघून गेली.